दर पंधरा दिवसांनी कूलंट कमी होते: जुन्या गाडीला अजून पैसे लावावे की नाही?

एप्रिल लागला की आमच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवरून कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) डबे भराभर उठतात. नेणारे चेहरे पुष्कळदा तेच असतात. "भाऊ, मागच्या महिन्यातच तर नेला होता ना डबा?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "पानी जाते कुठी, मालूमच नाही पडत बाप्पा!" गाडी बारा-पंधरा वर्षांची, कधी त्याहून म्हातारी. रेडिएटर बदलून झालेलं, पाइप बदलून झालेले, मिस्त्रीसुद्धा बदलून झालेला. मग काउंटरवर कोपर टेकवून खरा प्रश्न बाहेर येतो: अजून खर्च करावा, की गाडी देऊन टाकावी?

माझं मत आधीच सांगतो. गाडीचं वय इथं दुय्यम आहे. पाणी इंजिनच्या बाहेर गळते की आत जाते, आणि या गळतीपायी इंजिन कधी उकळलं आहे का, या दोन गोष्टी कळल्याशिवाय घेतलेला निर्णय अंदाजपंचे. बाहेरची गळती असेल आणि इंजिन एकदाही उकळलं नसेल, तर अठरा वर्षांच्या गाडीलाही खुशाल खर्च करा. आत जात असेल तर थांबा, खाली दिलेला हिशेब मांडा आणि मगच मिस्त्रीला हो म्हणा.

गळते ते कूलंटच आहे ना?

मे महिन्यात एक घोळ हमखास होतो. एसी लावून अकोल्याहून आलेली गाडी अंगणात उभी राहते आणि डाव्या बाजूला खाली पाणी साचते. घरातलं कोणीतरी ओरडते, रेडिएटर फुटलं म्हणून. ते एसीचं पाणी. त्याला रंग नाही, वास नाही, बोटांत चोळलं तर साधं पाणीच. कूलंट किंचित बुळबुळीत लागते, वास गोडसर येतो आणि रंग तुम्ही जो टाकला असेल तो. फक्त वास घ्या, चव घेऊन पाहू नका. ते विषारी आहे, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

दुसरा घोळ कूलंटच्या जादा बाटलीतल्या पातळीचा. इंजिन गरम झालं की पाणी फुगते आणि बाटलीत वर येते, थंड झालं की परत ओढलं जाते. संध्याकाळी पाहिलं तर भरलेलं, सकाळी पाहिलं तर कमी, यात गळती काहीच नाही. पातळी पाहायची ती सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, सपाट जागेवर. वर्षभरात थोडीशी घट चालते. पंधरा दिवसांत अर्धा लिटर जात असेल तर मात्र कुठंतरी वाट आहे.

दुरुस्त केलं तरी पुन्हा का गळते

या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिटीचं काम करते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तेवढ्या बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) ते आतला दाब धरून ठेवते, त्याच्यावर गेला की जादा पाणी बाटलीत सोडते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. ०.९ बार दाबाखाली तेच साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर अजून थोडं वर जाते. बाहेर ४५ अंश, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि डिक्कीत गव्हाचं पोतं, अशा वेळी हे वरचे अंशच गाडी वाचवतात.

आता गळकी गाडी घ्या. रेडिएटरला बारीक भोक आहे, त्यामुळे आत दाब पूर्ण बनतच नाही. बाकीचे जुने पाइप, वॉटर पंपचं सील, हीटरच्या नळ्या कमी दाबावर दिवस काढत असतात. तुम्ही रेडिएटर नवं बसवता, सोबत झाकणही नवं घेता. कित्येक महिन्यांनी आतला दाब पहिल्यांदा पुरा बनतो, आणि पंधरा दिवसांत जी जागा सगळ्यात कुजकी असेल ती फुटते. मालकाला वाटते मिस्त्रीनं फसवलं. मिस्त्रीला वाटते पार्ट डुप्लिकेट निघाला. दोघंही भांडायला माझ्याकडं येतात.

म्हणून जुन्या गाडीत एक-एक पार्ट बदलत बसू नये. रेडिएटर किंवा पंप बदलायची वेळ आलीच, तर वरचा पाइप, खालचा पाइप, बायपासची (रेडिएटरला वळसा घालणारी) नळी, हीटरच्या दोन्ही नळ्या, सगळ्या क्लिपा आणि झाकण त्याच दिवशी बदलून घ्या. पाणी एकदाच काढायचं, मजुरी एकदाच द्यायची.

झाकणाबद्दल अजून थोडं, कारण गळतीच्या शोधात ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. त्याच्यात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा दाब धरतो, मधला छोटा इंजिन थंड होताना बाटलीतलं पाणी आत ओढू देतो. मोठ्याचं रबर कडक झालं की पाणी सारखं बाटलीत जाते आणि बाटलीतून बाहेर. रस्त्यात सांडल्यामुळं अंगणात थेंबही दिसत नाही आणि "पानी जाते कुठी" सुरू होते. छोटा व्हॉल्व्ह अडकला तर सकाळी रेडिएटरचा वरचा पाइप चपटा झालेला दिसतो. असा चपटा पाइप पाहून लोक पाइप बदलतात. बदलायचं झाकण असते. आणि ०.९ च्या गाडीला "जास्त मजबूत" म्हणून १.१ चं झाकण लावू नका, जुने पाइप त्यानं लवकर फुटतात.

आपल्याकडचं पाणी

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. जे पाणी पिकाला चालत नाही, माणसाला चालत नाही, ते आपण बिनधास्त रेडिएटरमध्ये ओततो. हल्लीचं रेडिएटर ॲल्युमिनियमचं असते आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला आतून बारीक बारीक भोकं पाडते. पट्ट्याबाहेर, यवतमाळ-वाशीमकडं, बोरचं पाणी खारं नसलं तरी जड असते. घरच्या हीटरच्या रॉडवर बसतो तो पांढरा थर इंजिनच्या आतही बसतो, नळ्या अर्ध्या बुजतात आणि उन्हाळ्यात तापमानाचा काटा वर चढायला लागतो.

यातून एक विचित्र प्रकार घडतो. गाडी तापते म्हणून रेडिएटर ॲसिड किंवा फ्लशनं धुतलं जाते आणि दुसऱ्या दिवसापासून ते गळायला लागते. धुणाऱ्यानं भोक पाडलेलं नसते. भोक आधीचंच, क्षारानं बुजलेलं. क्षार गेला, भोक उघडं पडलं. दहा-बारा वर्षं बोरचं पाणी पिलेलं रेडिएटर धुवायला टाकताना ते बदलावं लागू शकते, हे धरूनच टाका.

भरायचं काय? बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मं-निम्मं. छोट्या गाडीत सगळं मिळून चार लिटरच्या आसपास बसते, म्हणजे खर्च काही फार नाही. डब्यावर तयार मिश्रण असल्याचं लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. रस्त्यात अडचण आली तर आरोच्या कॅनचं पाणी बोरपेक्षा बरं, पण घरी आल्यावर विसरू नका. रंगावरून कूलंट जुळवू नका, रंगाला काही प्रमाण नाही. आधी कोणतं आहे माहीत नसेल तर पूर्ण काढून नवं भरा.

गळती शोधायची कशी

मिस्त्रीला पहिला प्रश्न हाच विचारा, "प्रेशर टेस्टचा पंप आहे का?" झाकणाच्या जागी बसणारा, घड्याळ लावलेला छोटा हातपंप असतो. खेड्यातल्या गॅरेजमध्ये क्वचित दिसतो, तालुक्याला एखाद्याकडं असतो, अकोला-अमरावतीला सहज मिळतो. थंड इंजिनवर तो बसवायचा, झाकणावर जो आकडा आहे तेवढाच दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं गप्प उभं राहायचं. काटा जागचा हलला नाही तर थंड इंजिनला गळती नाही. काटा उतरला तर पाणी त्याच क्षणी कुठंतरी जाते आहे, फक्त जागा शोधायची.

एका गुरुजींच्या एलपीजीवाल्या वॅगनआरचं सांगतो. रेडिएटर नवं होतं, वॉटर पंप नवा होता, तरी पाणी जातच होतं. प्रेशर टेस्टचा पंप लावला, काटा ०.९ वर नेला. बघता बघता ०.७ वर आला आणि खाली फरशी कोरडी ठणठणीत. मग बॅटरीचा उजेड मारत नळीमागून नळी पाहिली. एलपीजीचा व्हेपोरायझर (पातळ गॅसची वाफ करणारा भाग) गरम ठेवायला हीटरच्या नळीला टी-आकाराचा जोड लावून कूलंट फिरवलेलं असते. त्या टी-जवळ, तारेच्या क्लिपेखाली, हिरवट-पांढरी पापडी धरलेली होती. बोट लावलं तर ओलं. थेंब तिथून गिअरबॉक्सच्या अंगावर पडत होता आणि गरम धातूवर वाळून जात होता, जमिनीपर्यंत पोचतच नव्हता. वीतभर नळी आणि पट्टीच्या नव्या क्लिपा, एवढ्यावर काम भागलं. ज्यांच्या गाडीला एलपीजी किंवा सीएनजी किट आहे त्यांनी हे जोड आधी पाहावेत. किट बसवणारा येतो, बसवतो, जातो. त्यानंतर त्या क्लिपा कोणी कधी आवळत नाही.

वाळलेली पापडी हाच सगळ्यात मोठा पुरावा. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथं दुमडून जोडली आहे त्या शिवणीवर ती दिसते. वॉटर पंपच्या खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असते, सील गेलं की पाणी तिथून बाहेर पडते. तिथं रेघ ओघळलेली असेल तर पंप गेला, त्या भोकात एम-सील भरणाऱ्याला हात जोडा. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टच्या मागे असतो, तिथं पंप बदलताना बेल्टही बदला. इंजिन ब्लॉकला बाहेरून पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात, त्याही साध्या पाण्यानं आतून गंजतात. एखादी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डमागे असली तर मिस्त्रीच्या नजरेतून सहज सुटते.

राहिला हीटर. डाव्या माणसाच्या पायाखालची चटई ओली, गाडीत गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, हे सगळं हीटरच्या जाळीचं. ती बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरी पार्टपेक्षा जास्त होते. इथं मी जुगाडाच्या बाजूनं आहे. इंजिनकडून हीटरला जाणाऱ्या दोन नळ्या एकमेकींना जोडून टाका. विदर्भात हीटर लावायची वेळ वर्षातून किती वेळा येते? पावसाळ्यात काचेवरचं धुकं एसीनं जाते. मात्र नळी सरळ बुजवू नका, पाणी फिरतं राहिलं पाहिजे.

तांब्या-पितळेचं जुनं रेडिएटर असेल, जुन्या जीपचं किंवा ट्रॅक्टरचं, तर झाळ मारून ते अजून वर्षानुवर्षं चालते. तालुक्याच्या गावात झाळ मारणारा एखादा जुना कारागीर असतोच. प्लास्टिक टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला झाळ बसत नाही, त्यावर लावलेला लेप दाबाखाली टिकत नाही. ते बदलायचं.

आत जात असेल तर

बाहेर कुठंच ओल नाही, प्रेशर टेस्टचा काटा उतरतो, झाकण नवं आहे. आता शंका हेड गॅसकेटची, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसणाऱ्या पट्टीची.

सकाळी थंड इंजिनवर झाकण उघडून गाडी चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. पण एकसारखे, थांबतच नाहीत असे बुडबुडे येत असतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो आहे. झाकण लावून चालू केल्यावर मिनिटभरात, इंजिन अजून गार असताना, वरचा पाइप दगडासारखा टणक होत असेल तरी तेच. सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी काही सेकंद एका सिलिंडरवर लंगडते आणि मग नीट चालते, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा गोडसर धूर येतो, एक स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, ही सगळी तीच लक्षणं. ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल चहासारखं दिसलं तर गाडी जागची हलवू नका. ऑइलमध्ये पाणी घेऊन चाललेलं इंजिन बेअरिंग खाऊन टाकते आणि मग हेडचं काम इंजिनच्या तळातल्या क्रँकपर्यंत पोचते. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला आणि पट्टीवर ऑइल नीट असेल तर घाबरू नका. पावसाळ्या-हिवाळ्यात गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत बाष्पामुळं तसं होते.

तीन सल्ले, जे ऐकू नयेत

पहिला, "वॉल काढून टाका, आपल्याकडं गरमीच लय राहते." वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडं पाठवतो. तो काढला की गाडी थंड राहील, हे ऐकायला पटते. पण बऱ्याच इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडं न जाता तसाच इंजिनमध्ये फिरत राहतो. सकाळी गाडी तापत नाही, पेट्रोल जास्त खाते, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना मात्र उकळते. नवा थर्मोस्टॅट काही शेकड्यांत येतो, आणून बसवा.

दुसरा, रेडिएटरमध्ये हळद टाकायची, किंवा गळती बंद करणारी बाटली ओतायची. बारीक भोक दोन-चार दिवस बुजते, हे खरं. पण ती पूड भोक कोणतं आणि नळी कोणती हे ओळखत नाही. आधीच क्षारानं अर्ध्या झालेल्या नळ्या ती पुऱ्या करते. लग्नाची वरात रस्त्यात अडकली असेल तर टाका, घरी आल्यावर सगळं धुवून काढायच्या तयारीनं टाका.

तिसरा, "पानी टाकत राहा, चालते." पाणी टाकत राहिलं की कूलंट पातळ होते, गंज वाढतो, आणि ज्या दिवशी टाकायचं विसरता त्या दिवशी हेड वाकते. पाणी फार कमी झालं तर काट्यावरही विश्वास ठेवता येत नाही. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असायला हवा. कोरडा पडला की काटा खाली दिसतो आणि इंजिन भाजत असते.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण उघडा, सावली पाहून गाडी थांबवा आणि इंजिन बंद करा. झाकणाला निदान अर्धा तास हात लावू नका. आतलं पाणी शंभराच्या वर असते, झाकण सैल होताच अंगावर उसळते. तापलेल्या इंजिनवर किंवा आत एकदम थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. पाणी भरून घरापर्यंतच न्यायची असेल तर झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, म्हणजे दाब बनत नाही आणि गळती मंदावते. मग हळू, एसीशिवाय, काट्यावर नजर ठेवून.

आता हिशेब

आमच्या भागातले छोट्या पेट्रोल गाडीचे ढोबळ आकडे असे. झाकण १५० ते ३००. सगळे पाइप आणि क्लिपा हजार-दोन हजार. रेडिएटर अडीच ते पाच हजार. वॉटर पंप हजार ते अडीच हजार, मजुरी वेगळी. म्हणजे बाहेरची गळती, सगळं एकदम बदललं तरी, दहा हजारांच्या आसपास संपते. हेड उतरवून, फेसिंग मारून (घासून सपाट करून), गॅसकेट सेट, ऑइल, कूलंट आणि मजुरी धरून आठ ते पंधरा हजार, डिझेलला त्याच्या दीडपट-दुप्पट. हेडला तडा निघाला किंवा ब्लॉकपर्यंत काम गेलं तर पंचवीस-तीस हजारांच्या पुढं काहीही.

इथं लोक एक चुकीची तुलना करतात. "गाडीची किंमतच साठ हजार, तिला दहा हजार कायले लावू?" तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी करायची नसते. ही गाडी गेली तर तिच्या जागी जी येईल तिच्याशी करायची. दीड लाखात दुसऱ्याची जुनी गाडी घ्याल, तिचंही झाकण, पाइप, पाणी कसं आहे ते तुम्हाला माहीत नसणार, आणि ती कधी उकळली होती का हे विकणारा सांगणार नाही. स्वतःच्या गाडीचा इतिहास तरी तुम्हाला पाठ आहे. बाहेरची गळती असलेली, कधी न उकळलेली गाडी विकू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

हेड गॅसकेटच्या गाडीला निर्णय दोन टप्प्यांत घ्या. मिस्त्रीशी आधीच बोलून ठेवा: हेड उतरवायची मजुरी एवढी, हेड लेथवाल्याकडं सपाटी आणि तड्यासाठी तपासायचं, आणि तपासणी होईपर्यंत एकही पार्ट आणायचा नाही. काटा चढताच गाडी थांबवली असेल तर हेड बहुधा थोडंच वाकलेलं निघते आणि फेसिंगवर भागते. उकळत्या इंजिनवर "गाव जवळच आहे" म्हणत दहा किलोमीटर चालवली असेल, तर तडा निघायची तयारी ठेवा. तडा निघाला तर तिथंच थांबायची मुभा तुमच्याकडं राहते, फक्त उतरवायची मजुरी जाते. हेड उतरवायच्या आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घेता आलं तर फारच छान. पिस्टनच्या रिंगाच गेल्या असतील आणि गाडी ऑइलही पीत असेल, तर नवं गॅसकेट बसवून काय मिळवलं?

मग पत्रा पाहा. चटई उचलून खालचा तळ, दाराच्या खालच्या पट्ट्या, पुढच्या चाकांवरचा भाग. तळ गंजून बोट आरपार जात असेल तर इंजिनला पैसा लावू नका.

आणि कागद. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आरटीओत गाडी दाखवून. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली. २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला नवी नंबर प्लेट लावायची आहे ती वेगळीच. नोंदणी चार वर्षं बाकी असेल तर बारा हजारांचं हेडचं काम वर्षाला तीन हजार पडते. नोंदणी सहा महिन्यांवर आली असेल तर तोच खर्च आणि वर आरटीओ, एवढं सगळं एकत्र धरा. एक गैरसमज मात्र सोडा: दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद, हा नियम दिल्ली आणि भोवतालच्या परिसरातला आहे. त्या भीतीपोटी इथं कोणी चांगली गाडी पाण्याच्या भावात काढू नये. काढायला लावणारे दलाल फिरत असतात.

शेवटी गाडी करते काय, ते पाहा. गावाहून तालुका, बाजार, वावर, एवढंच असेल तर नीट दुरुस्त झालेली जुनी गाडी पुष्कळ आहे. पण शकुंतला रेल्वे बंद पडली, शेवटची एसटी संध्याकाळीच निघून जाते, आणि रात्री बारा वाजता कोणाला छातीत दुखायला लागलं तर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात न्यायला गल्लीत तीच एक गाडी, असं असेल तर "चालते तोवर चालवू" हे धोरण परवडत नाही. तिला नीट करा किंवा दुसरी घ्या, मधली वाट नाही. कारंज्याहून समृद्धीवर चढून नागपूरला जायचं असेल तर अजून कडक विचार करा. तासन् तास शंभराच्या वर पळताना अर्ध्या बुजलेल्या रेडिएटरचं पितळ लगेच उघडं पडते, आणि तिथं गॅरेज काही हाकेच्या अंतरावर नाही.

पैशाची अडचण मला माहीत आहे. गळती निघते मेमध्ये आणि पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर. बाहेरची गळती असेल तर झाकण, पाइप आणि थर्मोस्टॅट आत्ता करा, तेवढ्यात बहुतेक गाड्या उन्हाळा काढतात. हेड गॅसकेट असेल तर गाडी दिवाळीपर्यंत शेडमध्ये उभी ठेवा. उभ्या गाडीचा खर्च वाढत नाही, चालवलेल्या गाडीचा वाढतो. आणि गळती बुजवणारी बाटली ओतून गाडी विकायचा विचार असेल तर सोडून द्या. गावात विकलेली गाडी रोज समोरूनच जाते.

काम झाल्यावर

काढलेलं कूलंट अंगणात, गोठ्याजवळ किंवा नालीत ओतू नका. त्यात इथिलिन ग्लायकॉल असते, ते चवीला गोड आणि जनावराला जीवघेणं. कुत्रं, बकरी, वासरू चाटून जाते आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरते, कारणही कळत नाही. झाकण असलेल्या कॅनमध्ये भरून मिस्त्रीकडं द्या, पोरांच्या हाताला लागेल तिथं ठेवू नका.

नवं भरल्यावर आतली हवा काढणं हे अर्धं काम आहे. दुरुस्ती चोख झाली आणि हवा अडकून राहिली तर गाडी पुन्हा तापते, आणि दोष नव्या पार्टवर येतो. नाक वर येईल अशा चढावर गाडी लावा, हीटर पूर्ण उघडा, झाकण काढून सावकाश भरा. चालू ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. खालचा पाइप गरम लागला म्हणजे उघडला. बुडबुडे थांबले की वर भरून झाकण लावा. फॅन एकदा चालू होऊन बंद झालेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गॅरेज सोडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड गाडीवर, बाटलीवर मार्करनं रेघ मारा आणि तारीख लिहा. पहिल्या आठवड्यात पातळी थोडी उतरेल, ती उरलेली हवा. रेघेपर्यंत भरून घ्या. त्यानंतर महिनाभर दर रविवारी सकाळी पाहा. बोटभर खाली गेली तर डबा घ्यायला येऊ नका, प्रेशर टेस्टचा पंप असलेल्या मिस्त्रीकडं जा.